मदत हवी आहे: गरम पाण्याच्या लाईनला कुठलं रबर वॉशर टिकतं?

गिझरच्या आउटलेटचं काळं वॉशर काही महिन्यांतच कडक होतं, कडेला बारीक चिरा पडतात आणि मग नट कितीही आवळा, थेंब थेंब गळती चालूच. वाचलंय की नायट्राइल रबर तेल-ग्रीससाठी आणि गरम पाणी, वाफेला ईपीडीएम (हाही कृत्रिम रबराचाच प्रकार), पण ईपीडीएमला तेल लागलं की ते फुगतं म्हणे, मग बसवताना सिलिकॉन ग्रीसच लावायचं ना? दुसरं म्हणजे शीटमधून डायने कापलेलं घेऊ का साच्यात दाबून बनवलेलं? शीट पण आधी व्हल्कनाइज केलेलीच (म्हणजे उष्णता देऊन रबर पक्कं केलेलीच) असते, फक्त कापलेली कड जरा खरबरीत वाटते. आणि हार्डनेस शोअर ए (रबराचा कडकपणा मोजायचं माप) ६० की ७०? बोटाने दाबून तर काहीच कळत नाही राव. सिलिकॉनचं लवकर फाटतं का, कोणी वापरलंय?