जुने इंद्रजाल, चांदोबा, किशोर जपायचेत, पिशव्या आणि बोर्ड कुठले घेऊ?

सराफबाजारकर:
नमस्कार मंडळी. वडिलांनी जपलेले मराठी इंद्रजाल कॉमिक्स (वेताळ, मँड्रेक, बहादूर सगळे), चांदोबा आणि किशोरचे अंक आता माझ्याकडे आलेत, लोखंडी ट्रंका भरून. घर नाशिकच्या सराफ बाजाराच्या मागे जुन्या वाड्यात, तळमजला, पावसाळ्यात भिंतींना ओल धरते. अंकांची पानं पिवळी पडलीत, काहींच्या कडा हात लावला की तुटतात, पिना गंजल्यात. ऑनलाइन बघितलं तर आर्काइव्हल, अ‍ॅसिड-फ्री, मायलर असले शब्द आणि किमतीत जमीन-अस्मानाचा फरक, वर साइज सगळे अमेरिकन कॉमिकचे. बायको म्हणते लॅमिनेट करून टाका आणि मोकळे व्हा, शालिमारला झेरॉक्सवाला करून देईल. काय करू? बजेट फार नाहीये.

जुनीरद्दी:
वहिनींना सांगा लॅमिनेशन अजिबात नको!! गरम करून चिकटवलेलं प्लॅस्टिक परत निघत नाही, निघालं तर शाई घेऊन निघतं.

आधी कागद पिवळा का होतो ते बघा म्हणजे खरेदी सोपी होईल. हे अंक स्वस्त न्यूजप्रिंटवर (वर्तमानपत्राच्या कागदावर) छापलेले, त्यात लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असतं, उजेड आणि हवा लागली की ते पिवळं पडतं आणि अ‍ॅसिड तयार होतं, ते अ‍ॅसिडच कागद ठिसूळ करतं. म्हणजे शत्रू कागदाच्या आतच आहे, पिशवी फक्त वेग कमी करते. इंद्रजाल १९६४ ला सुरू झालं, किशोर १९७१ ला, त्या हिशोबाने तुमचे अंक अजून उलगडतायत हेच नशीब.

आर्काइव्हल (म्हणजे वर्षानुवर्षं जपायला योग्य) हा शब्द कुणीही छापतो, त्यावर जाऊ नका, प्लॅस्टिक कुठलं ते विचारा. पॉलिप्रॉपिलीन, पॉलिइथिलीन, पॉलिएस्टर (मायलर म्हणतात ते) चालतं. पीव्हीसी नको म्हणजे नको, त्यातलं मऊ करणारं द्रव्य बाहेर येतं आणि छपाई कव्हरला चिकटते. वह्यांना घालतात ते जाड मऊ वासाचं पारदर्शक कव्हर बऱ्याचदा तेच असतं. शंका आली तर छोटा तुकडा कापून पाण्यात बुडवून सोडा, हवेचे बुडबुडे झटका, पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिइथिलीन वर येतात, पीव्हीसी तळाला जातं. पॉलिएस्टरही बुडतं पण ते कडक असतं आणि त्याला वास नसतो.

तुमच्या बजेटमध्ये शर्ट पॅकिंगच्या बीओपीपी पिशव्या घ्या, कुरकुरीत आवाज येतो त्या, तेही पॉलिप्रॉपिलीनच. होलसेल पॅकिंगवाल्याकडे शेकड्याने मिळतात. फक्त फ्लॅपवर गम नसलेल्या बघा, नाहीतर अंक बाहेर काढताना तोच गम मुखपृष्ठाला चिकटतो आणि मग रडायची वेळ. मायलर फक्त निवडक अंकांना, पहिले किंवा दुर्मिळ असतील त्यांना. सगळ्यांना मायलर म्हणजे पैसे गोदावरीत सोडणं.

फ्रेमिंगवाला_नाशिकरोड:
पिशवीबद्दल सहमत, पण अंक वाकू नये म्हणून पिशवीत त्याच्या मागे ठेवायचा बोर्ड कुठला ते कोणी बोलत नाही आणि खरा घोळ तिथेच होतो. मिठाईच्या खोक्याचा बोर्ड असतो ना, वरून पांढरा मागून करडा, तो ग्रे बॅक डुप्लेक्स, मागचा थर रद्दीच्या लगद्याचा. तो अंकाला चिकटवून ठेवलात तर अ‍ॅसिड शेजारीच आणून बसवलं. दुकानात पांढरा दिसला म्हणून घेऊ नका, कडेला कापून बघा, आत करडं किंवा तपकिरी दिसलं की परत द्या.

हवा तो बोर्ड अ‍ॅसिड-फ्री आणि बफर्ड, म्हणजे त्यात कॅल्शियम कार्बोनेट घातलेलं असतं, ते कागदातून येणारं अ‍ॅसिड मारत राहतं. फ्रेमिंगवाल्याकडे कन्झर्व्हेशन माउंट बोर्ड मागा, महाग वाटेल पण मोठी शीट येते, साइजप्रमाणे कापून घेतली तर परवडते. पुण्यात शिवाजीनगरला हँडमेड पेपर इन्स्टिट्यूट आहे, १९४० पासूनची, कापसाच्या चिंध्यांच्या कागदात लिग्निन नसतं, त्यामुळे जाड शीट मिळाली तर तीही बघण्यासारखी, पण पीएच (अ‍ॅसिड किती ते दाखवणारा आकडा) विचारूनच घ्या. पीएच पेन मिळतं, बोर्डच्या कोपऱ्यावर रेघ मारायची, जांभळी राहिली तर ठीक, पिवळी झाली तर अ‍ॅसिड. अंकावर मात्र रेघ मारायची नाही हां, डाग राहतो.

बफरही कायमचा नसतो, काही वर्षांनी बोर्ड बदलायचा. साइजचं म्हणाल तर अमेरिकन विसरा, प्रत्येक प्रकारचा एक अंक पट्टीने मोजा, पिशवी पाव इंच सैल, बोर्ड पिशवीत घट्ट बसणार नाही इतकाच.

गोदाकाठ:
सगळे पिशव्यांवर बोलताय, पण यांचा तळमजला आहे हो! गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पुराचं पाणी लागलं की सराफ बाजाराची काय गत होते ते नाशिककराला सांगायला नको. ट्रंका वरच्या मजल्यावर न्या आधी, ते काम फुकट आहे. बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, खाली विटा किंवा लाकडी पाट ठेवा. पत्र्याखालच्या माळ्यावरही नको, एप्रिल-मेमध्ये तिथे भट्टी होते आणि उष्णतेने कागद लवकर मरतो.

दुसरं म्हणजे भर पावसाळ्यात पॅक करू नका. हवेतली ओल अंकाबरोबर आत बंद होते मग बुरशी ठरलेली. डिसेंबर-जानेवारीत आपली हवा कोरडी असते, तेव्हा अंक पंख्याखाली (उन्हात नाही!) ठेवून मगच पिशवीत घाला. साधा डिजिटल आर्द्रतामापक घेऊन ठेवा, ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहिलं तर उत्तम. ट्रंकेत केशरी सिलिका जेलच्या पुड्या, रंग हिरवा झाला की तापवून परत वापरायच्या.

सराफबाजारकर:
बापरे, खूप माहिती मिळाली, आभार सगळ्यांचे. ट्रंका उद्याच वर नेतो, पुतण्याला बोलावलंय. आता दोन गोष्टी. आई प्रत्येक ट्रंकेत डांबरगोळ्या टाकायची, काही अंकांत कसरही दिसली, मग चालू ठेवू का? आणि गंजलेल्या पिना, फाटलेली पानं, सेलोटेप लावू का?

जुनीरद्दी:
सेलोटेप लावू नका, काही वर्षांत गम तपकिरी होऊन कागदात मुरतो आणि तो डाग जन्मभर. सुटं पान तसंच पिशवीत ठेवा. पीन जर अजून घट्ट असेल आणि गंज पानावर उतरत नसेल तर छेडू नका. उतरत असेल तर मधलं पान उघडून पिनेचे पाय नखाने किंवा पातळ चाकूने सरळ करायचे आणि पाठीमागून ओढायची, जोर लावायचा नाही. परत शिवायचंच असेल तर सुती दोरा त्याच भोकांतून.

गोदाकाठ:
डांबरगोळ्या काढा, वाफ माणसालाही वाईट आणि काही प्लॅस्टिक त्याने मऊ पडतं. वेखंडाची पुरचुंडी जुने लोक पोथ्यांत ठेवायचे, ठेवा हवं तर, पण त्या वासाने नवीन किडे फार तर दूर राहतील, आत बसलेली कसर मरत नाही. तिच्यासाठी अंक घट्ट झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, पूर्ण दिवस तसंच राहू द्या नाहीतर गार कागदावर हवेतलं पाणी बसतं. आणि फ्रीजरमध्ये मासे-बिसे असतील तर पिशवी दुहेरी करा.

फ्रेमिंगवाला_नाशिकरोड:
आणि हो, लागण झालेली ट्रंक वर नेताना बाकीच्यांपासून वेगळी ठेवा. पुतण्याला आधीच सांगा, तो सगळ्या एकावर एक रचून ठेवेल.