मदत हवी आहे: दहावीला अल्केन, अल्कीन, अल्काइन कसं शिकवावं?

तासिका (कोथरूड): राज्य मंडळाची दहावी, मराठी माध्यम. हायड्रोकार्बनला (फक्त कार्बन आणि हायड्रोजनची संयुगं) दोन तासिका मिळतील. मुलं मिथेन, इथेन, प्रोपेन घडाघडा म्हणतात, पण ब्युटीनमध्ये हायड्रोजन किती विचारलं की गप्प. शाळेत मॉडेलचा संच नाही. काय करता येईल?

काडीपेटी: पहिल्या तासाला सूत्रं फळ्यावर लिहूच नका. प्रत्येक गटाला 4 काबुली चणे (कार्बन), 10 वाटाणे (हायड्रोजन), सगळे रात्रभर भिजवलेले, आणि 13 टूथपिक द्या. चण्याला चार काड्या, वाटाण्याला एक, कुठलंही टोक मोकळं नको. ब्युटेन आपोआप होतो. एखादा गट फांदी काढेलच. समघटकता (सूत्र तेच, जोडणी वेगळी) तिथेच उरकून घ्या.

मग शेजारच्या दोन चण्यांवरचा एकेक वाटाणा काढून मोकळ्या जागा एकमेकींना जोडायच्या: दुहेरी बंध, म्हणजे अल्कीन, इथे ब्युटीन, हायड्रोजन 8. त्याच जोडीवरचे आणखी दोन काढले की तिहेरी बंध, म्हणजे अल्काइन, इथे ब्युटाइन, 6. सूत्र पोरंच सांगतात.

गडबड दोन ठिकाणी होते. दुहेरी बंधाला टूथपिक वाकत नाही, चणा फुटतो. तिथे सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा 4 सेंमी तुकडा घ्या, दोन्ही टोकांत अर्धी अर्धी काडी. दुसरं, पोरं चारही काड्या टेबलाला समांतर खुपसतात आणि कोन 90 अंशांचा होतो. तीन काड्यांची तिपाई, चौथी सरळ वर, म्हणजे 109.5 च्या आसपास येतो.

प्रयोगवही: यात एक खोच आहे. शेजारच्यांऐवजी दोन टोकांच्या चण्यांवरचे वाटाणे काढून टोकं जोडली तर सायक्लोब्युटेन. हायड्रोजन 8च, दुहेरी बंध नाही. ‘कार्बनच्या दुप्पट हायड्रोजन म्हणजे अल्कीन’ हे वाक्य वहीत उतरू देऊ नका.

तासिका: झकास. दुसऱ्या तासाला दुहेरी बंध ओळखायला आयोडीन-तेल चालेल? ब्रोमीन वर्गात नको वाटतं.

काडीपेटी: चालेल. एका परीक्षानळीत 4 मिली सूर्यफूल तेल, दुसरीत तेवढंच वितळलेलं वनस्पती तूप, प्रत्येकीत 4 थेंब टिंक्चर आयोडीन. हलवून दोन्ही एकाच गरम पाण्यात ठेवा. तेलात दुहेरी बंध जास्त, आयोडीन त्यांना जोडलं जातं, म्हणून तेलातला रंग आधी फिका पडतो. टिंक्चरमध्ये अल्कोहोल असतं, ज्योतीवर धरू नका. जखमेवरचं पोव्हिडोन आयोडीनही नको. ते पाण्यातलं, तेलात मिसळत नाही. आणि तेल म्हणजे हायड्रोकार्बन नव्हे, एस्टर (त्यात ऑक्सिजनही असतो). साखळीतल्या दुहेरी बंधापुरतंच ते आलंय, हे आधीच सांगा.

प्रयोगवही: वेळ उरला तर घरचा गॅस घ्या. पाइपचा मुख्यतः मिथेन, रेणुभार 16. सिलिंडरमध्ये प्रोपेन 44 आणि ब्युटेन 58. हवेचा सरासरी 29. गळती झाली तर कुठला गॅस जमिनीलगत साचेल, हे मुलांनाच काढू द्या.