गेमाइंड असताना वेगळी ज्यू संस्था कशाला? (पूर्व बर्लिन, १९९०)

अदू_वाचतेय
पूर्व जर्मनीवर वाचत होते, त्यात आलं की १९९०च्या जानेवारीत, म्हणजे भिंत पडून जेमतेम दोन-अडीच महिने झालेले, पूर्व बर्लिनमध्ये युडिशर कुल्टुरफेराइन नावाची ज्यू सांस्कृतिक संस्था निघाली. आता गेमाइंड, म्हणजे ज्यूंची अधिकृत धार्मिक संस्था, तिथे होतीच, रीकेश्ट्रासंवरचं सिनेगॉगही चालू होतं. मग ही वेगळी चूल कशाला? त्यात मंडळी बरीचशी कम्युनिस्ट घरातली, देवधर्माशी घेणंदेणं नसलेली. काही भांडण झालं होतं का?

खिडकीजवळचा
भांडण नाही हो, निदान सुरुवात तरी भांडणातून नाही. १९८९ला पूर्व बर्लिनच्या गेमाइंडच्या यादीवर दोनेकशे माणसं, तीही बहुतेक वयस्कर. यादीबाहेर मात्र बरेच होते. हिटलरच्या काळात इंग्लंड, अमेरिका, मेक्सिको, शांघाय असे कुठेकुठे गेलेले आणि युद्धानंतर समाजवाद उभा करायचा म्हणून मुद्दाम पूर्वेला परतलेले कम्युनिस्ट, आणि मग त्यांची मुलं. घरात ज्यूपणाचा विषयच निघायचा नाही. सरकारी हिशेबात फॅसिझमशी 'लढलेला' वरच्या पायरीवर, नुसता ज्यू म्हणून छळ सोसलेला खालच्या, पेन्शनसुद्धा त्याच हिशेबाने. वर १९५२ला प्रागमध्ये स्लान्स्की खटला झाला, म्हणजे बहुतांश ज्यू असलेल्या कम्युनिस्ट पुढाऱ्यांवरच देशद्रोहाचे खोटे आरोप, त्याची झळ इकडेही लागली आणि १९५३च्या जानेवारीत गेमाइंडचे पुढारीच पश्चिमेला पळाले, आता एवढं बघितल्यावर कोण कशाला सांगत बसेल मी ज्यू आहे म्हणून!

१९८६ला गेमाइंडनेच या यादीबाहेरच्यांना बोलावून बघितलं, त्यातून एक गट जमला, गप्पा, व्याख्यानं, सण वगैरे. संस्था निघाली ती याच गटातून. त्यामुळे भिंत पडली आणि अचानक सगळ्यांना ज्यूपण आठवलं असं जे लिहितात ते मला पटत नाही.

मेथीची_जुडी
+१, पण खरी गोम सदस्यत्वात आहे. गेमाइंड धर्मशास्त्राप्रमाणे चालते, आई ज्यू असेल तर तुम्ही ज्यू, नाहीतर रीतसर धर्मांतर करा. पूर्व जर्मनीत लग्नं सर्रास मिश्र झालेली, बाप ज्यू आणि आई नाही अशी कितीतरी मुलं, ती कुठे जाणार? कुल्टुरफेराइनमध्ये ती चालत होती. आणि चाळिशी-पन्नाशीची माणसं तिथे सण अक्षरशः पहिल्यापासून शिकली. पेसाहच्या सेडरला, म्हणजे इजिप्तमधून सुटकेच्या सणाच्या रात्रीच्या जेवणाला, घरातलं सगळ्यात लहान मूल चार प्रश्न विचारतं ना, 'आजची रात्र वेगळी का' वगैरे, इथे ते प्रश्न मोठ्यांनाच पडलेले.

पाचवा_रकाना
सोव्हिएत ज्यूंचं कोणीच बोललं नाही? फेब्रुवारी १९९०मध्ये याच संस्थेने गोलमेज परिषदेत (पूर्व जर्मनीचं सरकार आणि विरोधी गट यांच्या बैठकीत) मागणी लावून धरली की सोव्हिएत युनियनमधून ज्यूंना येऊ द्या, तिकडे ज्यूद्वेष वाढलाय. एप्रिलमध्ये पूर्व जर्मनीच्या नव्या संसदेने नाझी गुन्ह्यांची जबाबदारी मान्य केली, छळ होणाऱ्या ज्यूंना आसरा देऊ म्हणाली, आणि लोक यायला लागले. जर्मनी एक झाल्यावर १९९१पासून ते कोट्याच्या नियमाने सुरू राहिलं, २००४ संपेपर्यंत कुटुंबीय धरून दोन लाखांहून जास्त आले. गंमत बघा, सोव्हिएत कागदपत्रांत पाचव्या, म्हणजे वंशाच्या, रकान्यात 'ज्यू' लिहिलेलं असायचं आणि ते बापावरूनही लागायचं. तिकडे त्या रकान्यापायी कॉलेजात, नोकरीत अडवलेला माणूस जर्मनीत आल्यावर गेमाइंड म्हणणार, तुझी आई ज्यू नाही, तू आमच्यात बसत नाहीस. अशांना चहा पाजून जर्मन फॉर्म भरून देणारं कोणीतरी लागणारच ना.

अदू_वाचतेय
हे भारी आहे, थँक्स सगळ्यांना. पण मग २००९च्या शेवटी बंद का केली? एवढे लोक येत होते तर संस्था फुगायला हवी होती.

खिडकीजवळचा
आलेले बरेच जण गेमाइंडमध्येही गेले की. देशभरच्या गेमाइंडांत मिळून १९८९ला तीस हजारांच्या आत सदस्य, पुढे लाखावर गेले. ओरानियनबुर्गर श्ट्रासंवरच्या जुन्या सिनेगॉगच्या वास्तूत १९९५ला सेंट्रुम युडाइकुम हे ज्यू केंद्र उघडलं, व्याख्यानं-प्रदर्शनं तिथेही व्हायला लागली. आणि १९९०ला पन्नाशीत असलेला कार्यकर्ता २००९ला सत्तरीत, तरुणांना दुसरे अड्डे मिळालेले. मला तर वाटतं रडतखडत चालवण्यापेक्षा वेळेवर गुंडाळली ते बरं केलं.

मेथीची_जुडी
गुंडाळली ते बरं कसं? बापाकडून ज्यू असलेल्यांचा नियम गेमाइंडमध्ये आजही तोच आहे.