मदत हवी आहे: घरी जोडलेल्या कॉम्प्रेसरमध्ये कपॅसिटरचा व्होल्टेज उलटा का चालतो?

खोपटकर
घरी जोडलेला ऑडिओ कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारे यंत्र) चालू झाला आहे, परंतु त्याचे सर्किट मला उमगत नाही. येत्या एकादशीच्या भजनाचे ध्वनिमुद्रण याच यंत्रातून करायचे असल्यामुळे उत्तर लवकर मिळाल्यास बरे होईल. आवाज वाढला की डिटेक्टरमधला (आवाजाची पातळी पाहणाऱ्या भागातला) कपॅसिटर चार्ज होतो आणि त्या व्होल्टेजने गेन (आवाज किती पट वाढतो ते प्रमाण) कमी होतो, असे मी सगळीकडे वाचले आहे. माझ्याकडे मात्र शांततेत कपॅसिटरवर ५.१ व्होल्ट दिसतात आणि गायन सुरू झाले की ते खाली उतरतात. थ्रेशोल्ड (कोणत्या पातळीपासून दाबायचे) आणि रेशो (किती दाबायचे) यांची बटणे या सर्किटमध्ये मुळातच नाहीत. गाणारे थांबले की सळसळ वर येते, आणि पखवाजावर थाप पडली की पेटीचा आवाज दबतो व बराच वेळ दबलेलाच राहतो. असे का होते, एवढेच समजून घ्यायचे आहे. तयार यंत्र विकत घ्यावे, असा सल्ला कृपया देऊ नये.

अनोड_कॅथोड
कोणते सर्किट, हे आपण लिहिलेच नाही. १९६७ च्या ११७६ या कॉम्प्रेसरमध्ये एफईटी हा ट्रान्झिस्टर बदलता रोध म्हणून वापरला आहे, एलए-२ए या कॉम्प्रेसरमध्ये प्रकाश आणि प्रकाशसंवेदी रोध यांची जोडी आहे, तर गिटारच्या अनेक पेडलांमध्ये ओटीए म्हणजे ट्रान्सकंडक्टन्स अॅम्प्लिफायर (करंटने गेन बदलता येणारी आयसी) असतो. या तिघांची नियंत्रणाची दिशा एकच असेल असे नाही. गेन बदलणारा भाग कोणता, सप्लाय किती आणि इनपुटला काय जोडले आहे, हे कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

पाचपाखाडी_स्टुडिओ
माझे स्पष्ट मत असे आहे की ध्वनिमुद्रण २४ बिटमध्ये, पुरेशी मोकळी जागा ठेवून, कोणत्याही कॉम्प्रेसरशिवाय करावे आणि दाबण्याचे काम नंतर संगणकावर करावे. एकदा दाबलेला आवाज पूर्ववत करता येत नाही. मी गेली अनेक वर्षे असेच करतो.

खोपटकर
संगणकाविषयी मी विचारलेले नाही. सर्किट डायना कॉम्प या गिटारच्या कॉम्प्रेसर पेडलाच्या पद्धतीचे आहे. त्यातला सीए ३०८० हा ओटीए लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळाला नाही, म्हणून एलएम १३७०० वापरला. ट्रान्झिस्टर बीसी ५४७ आहेत आणि सप्लाय नऊ व्होल्टचा आहे. इनपुट मिक्सरमधून येते. आता तरी सांगावे.

कोपरीचा_सोल्डर
सीए ३०८० चे उत्पादन बंद होऊन बराच काळ लोटला आहे. दादरला गाडी बदलून त्या बाजारासाठी ग्रँट रोडला पुन्हा जाण्याची तसदी घेऊ नये, कारण आता त्या नावाने जे हाती पडते, त्यातले पुष्कळसे जुन्या आयसीवर नव्याने नाव छापलेले असते. मूळ नकाशात २एन ५०८८ हा ट्रान्झिस्टर असेल तर बीसी ५४७ च्या पायांचा क्रम त्याच्या नेमका उलट असतो. तो तपासला आहे का?

खोपटकर
पाय बरोबर आहेत, अन्यथा यंत्र चाललेच नसते. कृपया मूळ प्रश्नाकडे यावे.

अनोड_कॅथोड
आता बोलता येईल. ओटीएचा गेन त्याच्या बायस पिनमध्ये किती करंट शिरतो यावर ठरतो: करंट अधिक, तर गेन अधिक. त्यामुळे आवाज दाबायचा असेल तर हा करंट घटवला पाहिजे. आपल्या सर्किटमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १५० किलोओममधून सतत नऊ व्होल्टकडे चार्ज होत असतो. आउटपुटचा सिग्नल एका ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर आणि एमिटरवरून परस्परविरुद्ध फेजमध्ये निघतो आणि पुढच्या दोन ट्रान्झिस्टरांच्या बेसवर जातो. एक ट्रान्झिस्टर वरच्या अर्ध्या लहरीला चालू होतो, दुसरा खालच्या, आणि दोघेही कपॅसिटर रिकामा करतात. म्हणजे व्होल्टेज खाली जाणे हेच आपल्या यंत्राचे काम आहे, त्यात बिघाड नाही.

आकड्यांत सांगतो. शांततेत कपॅसिटरवर सुमारे ८.८ व्होल्ट हवेत. कपॅसिटरच्या पुढच्या एमिटर फॉलोअर ट्रान्झिस्टरवर ०.६ व्होल्ट जातात, उरतात ८.२. एलएम १३७०० ची बायस पिन ऋण टोकापेक्षा दोन डायोड वर, म्हणजे सुमारे १.३ व्होल्टवर बसते. सीए ३०८० मध्ये एकच डायोड असतो. सेन्सिटिव्हिटीचे बटण पूर्ण फिरवले आणि मालिकेत २७ किलोओम उरला, तर करंट सुमारे २५५ मायक्रोअँपियर होतो. गायनात कपॅसिटर ४ व्होल्टपर्यंत उतरला तर करंट ७८ वर येतो. हे प्रमाण १० डेसिबलच्या दाबाएवढे झाले.

मात्र आपले ५.१ व्होल्ट मला पटत नाहीत. मीटर कोणता आहे?

खोपटकर
वडिलांचा काट्याचा मीटर आहे, १० व्होल्टच्या रेंजवर. तबकडीवर २० किलोओम प्रति व्होल्ट असे लिहिले आहे. त्याचा येथे काय संबंध?

अनोड_कॅथोड
पूर्ण संबंध आहे. त्या रेंजवर तो मीटर म्हणजे २०० किलोओमचा रोध झाला. आपण तो १५० किलोओममधून चार्ज होणाऱ्या बिंदूवर टेकवला, की नऊ व्होल्टचे ९ गुणिले २०० भागिले ३५०, म्हणजे ५.१ व्होल्ट होतात. मीटर लावल्याक्षणी यंत्राचा गेनही उतरतो. डिजिटल मीटर बहुधा १० मेगओमचा असतो, तो वापरावा. त्यानेही व्होल्टेज कमीच दिसला, तर कपॅसिटर गळत असेल. १० मायक्रोअँपियरची गळती येथे दीड व्होल्ट खाते.

नेरूळ_ऑप्टो
एवढे गणित करण्यापेक्षा एक एलईडी आणि एक एलडीआर (प्रकाशसंवेदी रोध) समोरासमोर ठेवून काळ्या नळीत बंद करावेत. मी असाच कॉम्प्रेसर बनवला आहे. एलडीआर हा साधा रोध असल्यामुळे आवाज फाटत नाही, आणि गायकाला तो जितका शोभतो तितका ओटीए शोभत नाही.

कोपरीचा_सोल्डर
गायकाला शोभत असेलही, पण येथे पखवाज आहे. एलडीआर अंधारात मूळ रोधावर परतायला आपला वेळ घेतो, आणि तो किती वेळ घेईल हे आधी किती वेळ उजेड पडला होता यावरही अवलंबून असते. धागाकर्त्यांची तक्रारच मुळी सावकाश परतण्याची आहे.

नेरूळ_ऑप्टो
तो सावकाशपणा कानाला गोड लागतो, म्हणूनच एलए-२ए ची आजही नक्कल केली जाते. कधी वाशीला येणे झाले तर ऐकवतो.

अनोड_कॅथोड
धागाकर्त्यांचे उरलेले प्रश्न बाजूला पडत आहेत. थ्रेशोल्डचे बटण नाही, कारण थ्रेशोल्ड त्या दोन ट्रान्झिस्टरांच्या बेसमध्येच आहे: सुमारे ०.६ व्होल्टच्या शिखरापर्यंत ते जागे होत नाहीत. सेन्सिटिव्हिटीने गेन बदलतो, म्हणून सिग्नल त्या उंबरठ्यापर्यंत लवकर किंवा उशिरा पोचतो. डिटेक्टर आउटपुट पाहतो, इनपुट नाही. त्यामुळे आउटपुट उंबरठ्याच्या जरा वर गेले की तेच स्वतःला खाली ओढते आणि रेशो जवळजवळ लिमिटरसारखा (आवाजाला ठरावीक पातळीपलीकडे जाऊ न देणाऱ्या यंत्रासारखा) चढा राहतो. इनपुट पाहून गेन ठरवणाऱ्या सर्किटमध्ये रेशो हिशेबाने नेमता येतो, उदाहरणार्थ ४:१ हवा असेल तर थ्रेशोल्डच्या वरच्या दर डेसिबलमागे गेन पाऊण डेसिबल घटवायचा.

सळसळीचे कारणही यातूनच निघते. कोणी गात नसते तेव्हा कपॅसिटर भरलेला, करंट सर्वाधिक आणि म्हणून गेनही सर्वाधिक असतो. तेव्हा यंत्र मिक्सरची आणि स्वतःची सळसळच मोठी करते. आणि १५० किलोओम गुणिले १० मायक्रोफॅरड म्हणजे दीड सेकंद. आपली पेटी दबलेली राहते ती त्यामुळे.

कोपरीचा_सोल्डर
मग १५० च्या जागी ४७ किलोओम लावावा. कालावधी अर्ध्या सेकंदाच्या आत येईल.

मृदंगवादक_नौपाडा
मी पखवाज वाजवतो, इलेक्ट्रॉनिक्स बेताचेच जाणतो. ४७ किलोओमने आवाज लवकर परत येईल खरा, पण प्रत्येक थापेला पेटी दबणारच, आणि ठेका जलद झाला की ती झुलत राहील. डाव्या पुडीच्या खर्जाने डिटेक्टर हलूच नये, अशी सोय करता येत नाही का? आमच्या एका जाणकारांनी दुसऱ्या यंत्रात तसे करून दिले होते.

अनोड_कॅथोड
येथेही करता येते, आणि प्रश्न अगदी नेमका आहे. बेसकडे जाणारे दोन कपॅसिटर १० नॅनोफॅरडचे असतील. समोरच्या १ मेगओमसह त्यांची सीमा १६ हर्ट्झ येते, म्हणजे खर्ज पूर्णपणे आत शिरतो. ते १ नॅनोफॅरडचे केले तर कागदावर सीमा १६० हर्ट्झ होते. ट्रान्झिस्टर चालू असताना बेसचा रोध पुष्कळ कमी असतो, म्हणून प्रत्यक्षात ती आणखी वर जाईल आणि डिटेक्टर एकूणच मंद होईल. आधी २.२ नॅनोफॅरड लावून ऐकावे. बेसजवळचे डायोड मात्र काढू नयेत, कारण खालच्या अर्ध्या लहरीत तेच या कपॅसिटरांना सावरतात; ते नसतील तर बेस ऋणच होत जाईल.

खोपटकर
डिजिटल मीटरने शांततेत ८.८५ व्होल्ट दाखवले. २.२ नॅनोफॅरड लावल्यावर थापेला पेटी दबणे बरेच कमी झाले आहे, आणि १५० किलोओम तूर्त तसाच ठेवला आहे. मोठ्या स्वरांत आवाज किंचित फाटतो आणि सळसळ आहेच. मिक्सरचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली घेतल्यास फाटणे थांबते, परंतु सळसळ वाढल्यासारखी वाटते.

अनोड_कॅथोड
मिक्सरमधून येणारा एक व्होल्ट गिटारच्या सर्किटला फार होतो. ओटीएच्या दोन इनपुटांमध्ये वीसेक मिलिव्होल्टच्या पलीकडे गेले की आवाज फाटू लागतो. फेडर खाली घेतला की गाणे घटते, पण मिक्सरच्या आउटपुट भागाची सळसळ तेवढीच राहते. म्हणून फेडर नेहमीच्या जागी ठेवून कॉम्प्रेसरच्या तोंडाशी ४७ किलोओम आणि १ किलोओम यांचा विभाजक लावावा. एक व्होल्टचे सुमारे २१ मिलिव्होल्ट होतील आणि मिक्सरची सळसळही त्याच प्रमाणात उतरेल. याहून अधिक घटवू नये, नाहीतर ओटीएची स्वतःची सळसळ पुढे येईल. त्यानंतर सेन्सिटिव्हिटी इतपतच ठेवावी की सर्वात मोठ्या आलापीला कपॅसिटर ४ व्होल्टच्या आसपास उतरेल.

पाचपाखाडी_स्टुडिओ
आणि मिक्सरमधून कॉम्प्रेसरविना एक वेगळी वाहिनीही मुद्रित करून ठेवावी, असे मी अजूनही सुचवतो.

खोपटकर
वाहिनी शिल्लक आहे, ठेवतो. विभाजक आज रात्री जोडतो.