महागड्या दालनातल्या पाकीटबंद चिकनवर कितपत विश्वास ठेवावा?

प्रश्न : होटगी रोडकर
मुलगी नुकतीच तापातून उठली आहे, म्हणून नेहमीचे दुकान सोडून मी गेल्या रविवारी आमच्या भागातील एका वातानुकूलित किराणा दालनातून मुद्दाम जास्त पैसे मोजून चिकन आणले. घरी आल्यावर पाकीट फुगलेले दिसले. तारखेच्या स्टिकरची कड नखाने उचलली, तर खाली आणखी एक स्टिकर निघाले आणि त्यावरची वापराची मुदत दोन दिवसांपूर्वीच संपली होती. व्यवस्थापकांनी पाकीट ठेवून घेऊन पैसे तत्काळ परत केले, परंतु तारखेबद्दल अवाक्षरही काढले नाही. मला पैशांपेक्षा त्या मौनाचा जास्त त्रास होतो आहे. अशा दुकानांवर विसंबावे की नाही?

उत्तर : शीतगृहातला माणूस
मांस प्रक्रियेच्या कामात माझी काही वर्षे गेली आहेत. फुगलेले पाकीट बहुधा जिवाणूंनी तयार केलेल्या वायूचे लक्षण असते, मात्र काही कंपन्या पाकिटात मुद्दामच वायू भरतात, त्यामुळे तेवढा एकच पुरावा पुरेसा नाही. स्टिकरवर स्टिकर ही बाब त्याहून गंभीर आहे. ताजे मांस 0 ते 4 अंश सेल्सिअसला आणि गोठवलेले उणे 18 अंशांना राहायला हवे. दुकानात गारवा असला तरी आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना गाडीतून उतरवलेला माल मागच्या दाराशी किती वेळ पडून होता, हे काचेच्या कपाटावरून कळत नाही. म्हणून कपाटातील तापमापकावरचा आकडा वाचावा, आणि गोठवलेल्या पाकिटाच्या तळाशी बर्फाचा जाड थर दिसला तर माल एकदा वितळून पुन्हा गोठला असण्याची शंका घ्यावी. तळाशी दिसणाऱ्या गुलाबी पाण्याला मात्र घाबरू नये. ते रक्त नसते, मांसातलेच पाणी असते.

उत्तर : जुळे सोलापूर
आमचे मटण वर्षानुवर्षे एकाच खाटकाकडून येते, कारण तो सकाळी आमच्यासमोर कापून देतो. त्याच्याकडेही दुपारी उघड्यावर टांगलेले मी घेत नाही. दुकान कोणतेही असो, अन्न परवान्याचा 14 अंकी क्रमांक भिंतीवर लावलेला असला पाहिजे. पावती असेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या सोलापूर कार्यालयात लेखी तक्रार द्या. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही ती नोंदवता येते. पैसे परत मिळाले म्हणून तक्रारीचा हक्क जात नाही, आणि त्या कपाटात तशीच आणखी पाकिटे असतील तर ती दुसऱ्या कुणाच्या तरी घरी जाणार आहेत.

होटगी रोडकर
पाकीट हाती नाही, पण पावती आहे आणि दोन्ही स्टिकरांची छायाचित्रे मोबाइलमध्ये आहेत. उद्या सकाळी अर्ज देतो.