घरच्या दुरुस्तीला शंभर नगांचा सेट घ्यावा की मोजकीच चांगली हत्यारं?

पाना_पक्कड (नाशिक)

खंडेनवमी जवळ आली की ऑनलाइन सेलमध्ये '१०८ नगांचा होम टूल किट, ड्रिलसकट' असल्या पेट्या जोरात खपतात. माझं मत स्पष्ट आहे : ही पेटी घरात आणू नका. नग मोजून बघा, निम्म्याहून जास्त बिट (ड्रिलला लावायची टोकं), प्लॅस्टिकचे गट्टे, खिळे आणि स्क्रूच निघतील.

त्यापेक्षा ८ इंची पक्कड, २ नंबरचा स्टार आणि एक चपटा स्क्रू ड्रायव्हर, १० इंची स्क्रू पाना, हातोडी, ५ मीटरची टेप आणि छोटी बुडबुड्याची लेव्हल घ्या. नावाजलेल्या कंपन्यांचं एवढं सामान दोन-अडीच हजारांत बसतं. आमच्या सातपूरच्या टपारियाची पक्कड वीस वर्षं वापरणारे वायरमन मी पाहिलेत.

स्क्रू ड्रायव्हर नरम असला की काय होतं ते सांगतो. बाथरूमच्या दाराच्या बिजागरीचा स्क्रू ओलीने गंजून लाकडात घट्ट बसलेला असतो. स्वस्तातला स्टार जोर लावून फिरवला की टोक झिजतं आणि सोबत स्क्रूच्या डोक्यावरची फुलीही खातं. फुलीची वाटी झाली की मग कितीही भारी हत्यार आणा, तो स्क्रू दाद देत नाही. डोकं ड्रिलने उडवायचं, बिजागरी काढायची, उरलेला दांडा पक्कडीत धरून पिळत बाहेर काढायचा. क्रोम व्हॅनेडियमचा चांगला स्टार शंभर-दीडशेला मिळतो. तिथे पैसे वाचवून काय मिळवलं?

डोंबिवलीकर

पूर्ण असहमत. तुम्ही ज्याला आधीपासून हौस आहे त्याची यादी दिलीत. भाड्याच्या वन बीएचकेमध्ये नुकताच संसार मांडलेल्या जोडप्याला आपल्याला कशाची गरज पडणार हेच ठाऊक नसतं. सुटा बेड येतो, त्याला ४ आणि ५ मिमीची सहाकोनी अ‍ॅलन की लागते. मुलाच्या खेळण्यातली बॅटरी बदलायला बारीक स्टार लागतो. तुमच्या यादीत हे दोन्ही नाही. सेटमध्ये आहे.

माझा सल्ला उलटा आहे. आधी स्वस्त सेट घ्या. वर्षभर वापरा. त्यातलं जे मोडेल ते तुम्ही खरंच वापरता, तेवढंच मग चांगल्या कंपनीचं घ्या. न मोडलेल्यावर एक रुपयाही खर्च करायची गरज नाही.

सुताराची_लेक (कोल्हापूर)

मला दोघांचंही पटत नाही. एक कंपनीचं नाव बघतोय, दुसरा किंमत. वडील हत्यार घेताना हातात घेऊन तपासायचे, मीही तेच करते.

पक्कड मिटून उजेडाकडे धरा. वायर कापायच्या धारेतून उजेड दिसला तर ती बारीक तार कधीच कापणार नाही, नुसती चेपेल. स्क्रू पान्याचा सरकता जबडा बोटांनी वर-खाली हलवून बघा. फार खुळखुळत असेल तर नटाचे कोपरे गोल करणार. हातोडीचा दांडा डोक्यातून जरासाही हलता कामा नये.

आणि टेपचं टोक. त्याची पत्री किंचित मागे-पुढे सरकते म्हणून लोक दुकानदाराला टेप परत करतात. ती मुद्दामच तशी असते. पत्रीच्या जाडीएवढीच सरकते : बाहेरून अडकवून माप घेतलं की पुढे ओढली जाते, कोपऱ्यात टेकवून घेतलं की मागे जाते, आणि दोन्हीकडे माप बरोबर येतं. न हलणारी टेप घेऊ नका.

जुन्या वस्तूंना नाक मुरडू नका, एवढं मात्र म्हणेन. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी कधीकधी अशी पटाशी मिळते की दगडावर लावली की नव्या कोऱ्या पटाशीपेक्षा जास्त दिवस धार टिकते.

डोंबिवलीकर

ताई, तुमच्या तपासण्या उत्तम आहेत, पण तुम्हाला त्या घरात शिकायला मिळाल्या. नवख्या माणसाला हार्डवेअरच्या काउंटरवर दुकानदार पक्कड उजेडात धरू देईपर्यंत मागे चार गिऱ्हाइकं उभी असतात. आणि ऑनलाइन कुठली तपासणी?

साइटवरचा_माणूस (ठाणे)

ड्रिलबद्दल कोणीच बोललं नाही. सेट विकला जातो तो ड्रिलमुळेच, आणि लोकांचे सगळ्यात जास्त पैसेही तिथेच वाया जातात.

आधी तुमची भिंत कसली आहे ते बघा. कोपऱ्यात एक बारीक भोक पाडा आणि भुकटी पाहा. लाल आली तर विटा. पांढुरकी, भुसभुशीत आली आणि बिट लोण्यात गेल्यासारखा गेला तर हलके एएसी ब्लॉक. राखाडी, बारीक आली आणि बिट पुढेच सरकेना तर काँक्रीट. मुंबई-ठाणे-पुण्याच्या बऱ्याच नव्या टॉवरमध्ये अ‍ॅल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकत्र ओततात. साइटवर आम्ही त्याला मायवान म्हणतो. तिथे बेडरूमची आतली भिंतसुद्धा काँक्रीटची असते.

विटेच्या भिंतीला १० किंवा १३ मिमी चकचं (बिट धरणाऱ्या जबड्याचं) साधं इम्पॅक्ट ड्रिल पुरतं. मायवानच्या भिंतीत त्याचा उपयोग नाही. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून थरथर निर्माण करतात, त्यामुळे सगळा जोर तुम्हालाच लावावा लागतो. रोटरी हॅमरमध्ये आतला पिस्टन हवेच्या दाबाने बिटवर ठोके मारतो, तुम्ही फक्त सरळ धरायचं. त्याला एसडीएस दांड्याचे (खाचा असलेले, साध्या चकमध्ये न बसणारे) बिट लागतात. एएसी ब्लॉकमध्ये उलट : हॅमरचं बटण बंदच ठेवा, नाहीतर भोक मोठं होऊन प्लग (स्क्रू पकडणारा गट्टा) हातात येतो. लांब नायलॉनचा प्लग वापरा.

आता बॅटरीवाल्या ड्रिलचा खेळ. '२१ व्होल्ट' लिहिलेलं यंत्र '१८ व्होल्ट'वाल्यापेक्षा ताकदवान वाटतं. दोन्हीत लिथियमचे पाच सेल एकापुढे एक असतात. पूर्ण चार्ज असताना प्रत्येकी ४.२, म्हणून २१. वापरातला सरासरी दाब प्रत्येकी ३.६, म्हणून १८. एकच बॅटरी, फक्त लेबल वेगळं. ४८, ८८ असले आकडे 'व्हीएफ' (हे खरे व्होल्ट नव्हेत) लावून छापलेले दिसले तर पुढे जा.

माझं मत : मायवानच्या घरात राहत असाल तर ड्रिल विकत घेऊच नका. पडद्याचे रॉड, टीव्हीचा स्टँड, आरसा, सगळी भोकं एका दिवसात, माणूस बोलावून किंवा रोटरी हॅमर भाड्याने आणून पाडून घ्या.

पाना_पक्कड (नाशिक)

भिंतीचा मुद्दा मान्य, म्हणूनच मी यादीत ड्रिल धरलं नव्हतं. पण 'माणूस बोलवा' हे पटत नाही. घरातल्या मुलांनी आई-वडिलांना रॉड लावताना बघितलं पाहिजे. लेव्हल लावून खूण करणं, प्लग कुठला ते ठरवणं, हे बघूनच येतं. भाड्याने आणा, पण हाताने करा.

वायरमन_सांगली

डोंबिवलीकर, 'मोडेपर्यंत वापरा' हा नियम विजेच्या हत्यारांना लावू नका. कळकळीने सांगतोय.

सेटमधल्या पक्कडीच्या दांड्यावर लाल-काळं रबर असतं. ते पकडायला असतं, शॉकपासून वाचवायला नाही. ज्या हत्यारावर एकात एक दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्ट छापलेलं असतं, तेच वीजरोधक म्हणून तपासलेलं. आणि ते हातात असलं तरी घरच्या माणसाने चालू लाइनला हात लावायचाच नाही.

टेस्टरवर लोकांचा फार भरवसा. टेस्टरचा निऑन दिवा तुमच्या अंगातून जाणाऱ्या अगदी बारीक करंटवर लागतो. तुम्ही रबरी चपला घालून लाकडी स्टुलावर उभे असाल तर तो मंद लागतो, भर उजेडात दिसतही नाही, आणि तुम्ही समजता वीज नाही. म्हणून टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये लावून बघा, मग कामाच्या जागी लावा.

सगळ्यात घातक म्हणजे इन्व्हर्टर. मेन स्विच पाडला की लोक निर्धास्त होतात, पण इन्व्हर्टरच्या लाइनीवरचे पंखे-दिवे तसेच जिवंत असतात. इन्व्हर्टर वेगळा बंद करा. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर हत्यारांच्या आधी तो बसवून घ्या.

डोंबिवलीकर

विजेचं मान्य. टेस्टर आणि पक्कड सेटबाहेरून घ्यावी. बाकी अ‍ॅलन की, सॉकेट, बारीक स्क्रू ड्रायव्हर यांना स्वस्त सेटच बरा, हे माझं मत कायम आहे.

किनाऱ्यावरून (रत्नागिरी)

आमच्याकडे प्रश्नच वेगळा. खाऱ्या हवेत भारी पक्कडसुद्धा दोन पावसाळ्यांत सांध्यात आवळून बसते. म्हणून मी महाग घेत नाही.

सुताराची_लेक (कोल्हापूर)

दादा, हत्यार प्लॅस्टिकच्या बंद पेटीत ठेवता का? ती ओल धरून ठेवते. जाड सुती कापडाला शिलाई मशीनचं तेल लावून त्यात गुंडाळा आणि उघड्या फळीवर ठेवा. खोबरेल लावू नका, ते पुढे चिकट होतं. आवळलेल्या पक्कडीच्या सांध्यात रॉकेल किंवा डिझेल सोडून रात्रभर ठेवा आणि सकाळी उघडझाप करत मोकळी करा. मग तेल द्या. फेकण्याआधी एवढं करून इथे सांगा, सुटली की नाही ते.