टॉप फ्लोअर + मिवानच्या भिंती, उन्हाळ्यात घर तापतं, काय लावावं?

धायरी_टॉपफ्लोअर:
नमस्कार मंडळी, आमचा फ्लॅट शेवटच्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्ची. बिल्डिंग मिवानची (ॲल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून केलेली) त्यामुळे बाहेरच्या भिंतीपण काँक्रीटच्याच. एप्रिल-मेमध्ये रात्री अकराला सीलिंगला हात लावला तरी गरम लागतं आणि पश्चिमेची खोली नेमकी आईबाबांची, त्यांना रात्र रात्र झोप नाही. एक कॉन्ट्रॅक्टर म्हणतो आतून थर्माकोल लावून पीओपी करा, दुसरा म्हणतो गच्चीला पांढरा पेंट मारा बास. नक्की काय करावं?

साइटवरचा_सिव्हिल:
आतून थर्माकोल अजिबात नको. स्लॅब तसाच उन्हात तापत राहणार, वर गळती झाली तर पीओपीच्या मागे कळणारपण नाही, आणि थर्माकोल पेट घेतो. काँक्रीट दिवसभर उष्णता पिऊन घेतं आणि संध्याकाळनंतर खाली सोडतं, म्हणून ऊन स्लॅबपर्यंत पोचायच्या आधीच अडवायचं. गच्चीवर आधी वॉटरप्रूफिंग नीट करून घ्या, त्यावर 50 मिमी एक्सपीएसचे (दाट, कडक फोमचे) बोर्ड, वर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं जाड कापड) आणि मग स्क्रीड (सिमेंट-वाळूचा थर) किंवा चायना चिप्स (फुटक्या टाइल्सचे तुकडे). एक्सपीएसची कंडक्टिव्हिटी (उष्णता वाहून नेण्याची क्षमता) 0.03 च्या आसपास, काँक्रीटची दीडच्या पुढे, म्हणजे जवळपास पन्नासपट फरक. एक्सपीएस पाणी फारसं शोषत नाही म्हणून वॉटरप्रूफिंगच्या वर चालतं, उलट खालच्या थराचं उन्हापासून रक्षणच होतं. बोर्डाचं वजन चौरस मीटरला दोन किलोच्या आतबाहेर, खरं वजन वरच्या स्क्रीडचं, त्यामुळे जुना कोबा न काढता वर थर चढवणार असाल तर स्ट्रक्चरलवाल्याला विचारल्याशिवाय हात लावू नका. आणि खुऱ्याकडचा (पाणी जायच्या तोंडाकडचा) उतार आणि पॅरापेटचे वाटे (कठड्याच्या पायाशी गोलाई दिलेले कोपरे) स्वतः उभं राहून बघा, सगळी कामं तिथेच बिघडतात.

बिबवेवाडी_गच्ची:
पेंटला एवढं पण खाली पाडू नका हो, खर्च कमी आणि ऊन परत फेकतो हे खरंच आहे, आमच्याकडे दुपारी फरक जाणवतो. फक्त पावसाळ्यात शेवाळ धरतं आणि धूळ बसली की पांढरेपणा जातो, दर उन्हाळ्याआधी धुवायची तयारी हवी. डब्यावर एसआरआय (ऊन परत फेकायचा आकडा, जास्त तितका चांगला) किती ते बघून घ्या, साधा पांढरा डिस्टेंपर घेऊ नका.

धायरी_टॉपफ्लोअर:
धन्यवाद दोघांनाही. पण भिंतीचं काय? पुढच्या फेजला बिल्डर एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे) वापरतोय म्हणे, खरंच एवढा फरक पडतो?

साइटवरचा_सिव्हिल:
पडतो. एएसीमध्ये ॲल्युमिनियम पावडर चुन्याशी रिॲक्ट होऊन हायड्रोजन सुटतो, त्याने आत बारीक बारीक पोकळ्या तयार होतात आणि त्यातली कोंडलेली हवाच उष्णता अडवते. तेवढ्याच जाडीची काँक्रीटची भिंत ढोबळ हिशोबाने तिप्पट उष्णता आत घेते. तुमच्या तयार भिंतीला मात्र सगळ्यात आधी बाहेरून सावली द्या, खिडकीवर छज्जा नाहीतर बाहेरच्या बाजूने चिक (बांबूचा पडदा). आतल्या पडद्याने फारसा फरक पडत नाही, ऊन काचेतून आत आलेलंच असतं. बाहेरून क्लॅडिंग (भिंतीवर आवरण) करणार असाल तर रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) घ्या, तो जळत नाही. पॉलिथिलीन गाभ्याचं एसीपी (दोन ॲल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लास्टिक भरलेलं पॅनेल) कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका, लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला 2017 मध्ये आग अशाच पॅनेलवरून वर चढली आणि 72 माणसं गेली.

कोथरूड_कमिटी:
गच्ची सोसायटीची असते, कमिटीचं लेखी पत्र आधी घ्या. सांगताना इको निवास संहिता 2018 (घरांच्या ऊर्जाबचतीची सरकारी नियमावली) दाखवा, छताचा यू-व्हॅल्यू (छतातून किती उष्णता आत येते त्याचं माप, कमी तितकं चांगलं) 1.2 च्या आत हवा असं त्यात आहे. ती नव्या इमारतींसाठी आहे पण नुसता स्लॅब त्यात कुठेच बसत नाही हे सभासदांना आकड्यात दिसतं. आणि वॉटरप्रूफिंग झाल्यावर पाणी साठवून टेस्ट घेतल्याशिवाय वर एकही बोर्ड टाकू देऊ नका.